प्रकल्प नोंदी: दूध बिलाची तपासणी आणि फंक्शनची ‘कॉस्ट’

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दूध संस्थांची २१ ते ३१ ऑक्टोबरची बिलं गेली, पण संशयी नोंदी शोधणारा तपासणीचा रिपोर्ट परत रडला. चार मिनिटं चोवीस सेकंद. गेल्या वर्षी हाच रिपोर्ट चाळीस सेकंदांत यायचा. तेव्हा संस्था सहा होत्या, आता चाळीस आहेत. पुढची बिलं ११ तारखेला. तोवर काहीतरी करायला हवं.

रिपोर्ट काय करतो ते लिहून ठेवतो, सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही. संकलन टेबलात प्रत्येक सभासदाची सकाळची एक आणि संध्याकाळची एक ओळ: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लावलेला दर. आम्हाला अशा ओळी हव्यात जिथे दोन्ही गोष्टी एकदम घडल्यात. लावलेला दर दरपत्रकाशी जुळत नाही, आणि त्या दिवशीचं फॅट त्या सभासदाच्या मागच्या तीस दिवसांच्या सरासरीपासून लांब गेलंय. रोज ६.८ लागणारं म्हशीचं दूध एके दिवशी ९.२ दाखवतंय आणि दरही हाताने बदललाय, म्हणजे मशीनशेजारी कुणीतरी जरा जास्त वेळ उभं होतं.

दोन्ही अटी फंक्शनमध्ये आहेत. दर_काढ दरपत्रकाच्या टेबलात बघून दर देतं. फरक_मोठा सभासदाच्या जुन्या नोंदी उपसून सरासरी काढतं आणि हो-नाही सांगतं. दोन्ही पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या फंक्शनं लिहायच्या भाषेत. नावं मराठीत ठेवायचा हट्ट माझा, पोस्टग्रेसला देवनागरी नावं बिनतक्रार चालतात. एवढंच की फरक_मोठा हे नाव एखाद्या सचिवांच्या नजरेला पडलं तर त्यांना दिवाळीचं फरक बिल (सभासदांना वर्षाअखेर मिळणारी दरफरकाची रक्कम) मोठं निघालं असं वाटेल.

एक्स्प्लेन अॅनालाइझ काढलं. क्वेरी कशी चालली आणि वेळ कुठे गेला ते त्यात दिसतं. तारखेचा इंडेक्स नीट लागतोय, २,१८,४६० ओळी उचलल्या जातात, मग फिल्टर. सगळा वेळ फिल्टरमध्ये. अंदाज ७२ हजार ओळींचा, प्रत्यक्षात निघाल्या ३८.

हे ७२ हजार कुठून आले ते ऑफिसातल्या आमच्या पोराने विचारलं. हो-नाही सांगणारं फंक्शन अटीत आलं की पोस्टग्रेस एक तृतीयांश ओळी पास होतील असं धरतो. ‘बरोबर नाही’ या तुलनेत दोन्ही बाजूंचं काही माहीत नसेल तर ९९.५ टक्के धरतो. २,१८,४६० चा तिसरा हिस्सा, त्यातून अर्धा टक्का वजा. म्हणजे त्याने मोजलेलं काहीच नाही, ठोकताळा आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ट्रॅक फंक्शन्स हे सेटिंग मुळात बंद असतं. ते ‘पीएल’वर ठेवून रिपोर्ट परत चालवला. आता कोणतं फंक्शन किती वेळा चाललं ते पीजी स्टॅट यूजर फंक्शन्समध्ये दिसतं:

फरक_मोठा: २,१८,४६० वेळा, एका वेळेला सरासरी १.१९ मिलिसेकंद.
दर_काढ: ४,३७१ वेळा, एका वेळेला ०.०२६ मिलिसेकंद.

जड काम सगळ्यांवर आणि हलकं काम उरलेल्यांवर, उलटा कारभार. पोरगा म्हणाला, “दादा, व्हेअरच्या अटींमध्ये फरक_मोठा आधी लिहिलंय म्हणून. खालीवर करू.” केलं. काहीच बदललं नाही. एक्स्प्लेनच्या फिल्टरच्या ओळीतही फरक_मोठा आधीच. त्याला वाटलं जुनाच व्ह्यू चालतोय, त्याने कनेक्शन तोडून परत जोडलं. मलाही दहा मिनिटं काही उमगेना.

मग आकडे मांडले तेव्हा हसू आलं. प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, एकाच ठिकाणच्या अटी कॉस्टप्रमाणे, म्हणजे अंदाजी खर्चाप्रमाणे लावतो, स्वस्त आधी. कॉस्ट सारखी असेल तरच लिहिलेला क्रम राखतो. आम्ही कॉस्ट कधी सांगितलीच नव्हती. न सांगितलेल्या फंक्शनला सी भाषेतलं किंवा पोस्टग्रेसच्या आतलंच (इंटर्नल) असेल तर १ आणि बाकी कुठल्याही भाषेतलं असेल तर १०० मिळते. म्हणजे फरक_मोठा १००. दर_काढही १००, पण त्याच्यापुढे ‘बरोबर नाही’ची तुलना आहे, तिचा आणखी १. एकूण १०१.

शंभर विरुद्ध एकशे एक. त्या एकाच्या फरकाने पंचेचाळीसपट जड फंक्शन रांगेत पुढे उभं केलं, आणि आम्ही व्हेअर कितीही खालीवर केलं असतं तरी ते तिथेच राहिलं असतं.

पोराने मूळ कोड उघडून अटी लावणारा भाग वाचला. तिथल्या टिपणीत सरळ लिहिलंय की खरं म्हणजे कॉस्ट आणि किती ओळी गळतील हे दोन्ही बघायला हवं, पण अंदाजच इतके कच्चे असतात की तसं करून निर्णय भरवशाचा होईल असं नाही, म्हणून फक्त कॉस्ट. मला हे आवडलं. १९९३ मध्ये हेलरस्टाइन आणि स्टोनब्रेकर यांनी नेमकं हेच मांडलं होतं, अट किती गाळते आणि किती महाग आहे यांचं गुणोत्तर काढून क्रम लावायचा. स्टोनब्रेकर म्हणजे पोस्टग्रेसचेच जनक. त्यांच्याच घरात शेवटी अर्धा सल्ला मानला गेला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा. पहाटे चारला घरच्यांना घेऊन पंचगंगा घाटावर. दिवे, धुकं, थंडी, आणि पार्किंगवरून नेहमीची वादावादी. ऑफिसात पोचलो तेव्हा डोळे मिटत होते, म्हणून नवीन काही न लिहिता नुसतं मोजायचं ठरवलं.

कॉस्ट सांगायची तर कशात? हे एकक मिलिसेकंद नाही. सलग वाचलेलं ८ केबीचं एक पान म्हणजे १. उडी मारून वाचलेलं पान ४. एक ओळ हाताळणं ०.०१. एक साधी तुलना किंवा बेरीज ०.००२५. फंक्शनला जो आकडा देतो तो या शेवटच्या ०.००२५ च्या पटीत. म्हणजे १०० कॉस्टचं फंक्शन ०.२५, पाव पान. तीस दिवसांच्या साठ नोंदी शोधून सरासरी काढणारं आमचं फंक्शन पोस्टग्रेसच्या लेखी पाव पान वाचण्याएवढं. त्याची चूक नाही, फंक्शनच्या आत त्याला दिसतच नाही. पेटी बंद, वर चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर छापून आलेले शंभर.

आमच्या मशीनवर ०.००२५ म्हणजे किती वेळ, हे दोन वाटांनी काढलं.

पहिली वाट: पूर्ण संकलन टेबल वाचलं, ७२ लाख ओळी. समांतर प्रोसेस आणि जेआयटी (क्वेरी चालवताना तिच्यासाठी मशीन कोड तयार करणारी सोय) बंद. पहिली फेरी सोडून दिली, म्हणजे डिस्कचा वेळ मध्ये येत नाही. स्कॅनची कॉस्ट १ लाख ६२ हजार, वेळ १.१ सेकंद. कॉस्टचा एक अंक म्हणजे ६.८ मायक्रोसेकंद. त्या हिशेबाने १.१९ मिलिसेकंद म्हणजे १७५ अंक, ०.००२५ ने भागले की ७० हजार.

दुसरी वाट: एक कोटी आकडे जनरेट करून त्यांवर आधी काही नाही, मग दहा जादा तुलना. वेळ दीड सेकंदाने वाढला. एका तुलनेला १५ नॅनोसेकंद. १.१९ मिलिसेकंदाला त्याने भागलं की ७९ हजार.

सत्तर आणि एकोणऐंशी. पोराला वाटलं कुठेतरी चुकलं. मी म्हटलं, इतकं जवळ आलं हेच नशीब. इथे दहा हजारांची घासाघीस करून काही मिळत नाही. शंभरच्या जागी काही हजार की काही लाख एवढं बरोबर असलं की पुरे. शिवाय हा आकडा प्रत्येक वेळेला एकच धरला जातो. वीस वर्षांपासून दूध घालणारा सभासद असो की परवा आलेला, त्याला तेच.

एक सावधगिरी: सेशनमधली पहिली काही बोलावणी मोजू नयेत. पीएल-पीजीएसक्यूएलच्या आतल्या क्वेरीचा प्लॅन तेव्हा बनत असतो, आणि पहिल्या पाच वेळा दिलेल्या व्हॅल्यूप्रमाणे वेगळा बनवून मगच कायमचा एक ठेवायचा का ते ठरतं. पोराने सकाळी फंक्शन एकदा हाताने चालवून ९ मिलिसेकंद टिपले होते. ते खोडलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लावलं. ऑल्टर फंक्शनच्या आदेशाने फरक_मोठाला कॉस्ट ७००००, दर_काढला १५००. (ही सोय ८.३ पासूनची, २००८ सालची. आम्ही कधी वापरली नव्हती.)

रिपोर्ट: ९ सेकंद.

बोलावण्यांचे आकडे आता सुलट. दर_काढ २,१८,४६० वेळा, फरक_मोठा १,९१४ वेळा. कोडची एक ओळही न बदलता. ओळी तेवढ्याच ३८.

मजेची गोष्ट, प्लॅनची एकूण कॉस्ट मात्र कमी झाली नाही, उलट जवळजवळ चार कोटींवर गेली. पहिल्या अटीत ओळ गळाली तर पुढचं फंक्शन चालणारच नाही, हे प्लॅनर बेरजेत धरत नाही. सगळ्या अटी सगळ्या ओळींवर चालतील असं समजून बेरीज करतो. क्रम लावताना शहाणपण, बेरीज करताना नाही. हे आज नुसतं टिपून ठेवलं.

हात लागलाच आहे म्हणून फंक्शनांच्या बाकीच्या चिठ्ठ्याही बघितल्या. दोन्ही व्होलॅटाइल (दर बोलावणीला उत्तर बदलू शकतं) आणि पॅरलल अनसेफ (समांतर चालवायला सुरक्षित नाही). कुणी ठरवून केलेलं नाही, न लिहिलं की हेच मिळतं. दोन्ही फक्त वाचतात, काही लिहीत नाहीत. स्टेबल आणि पॅरलल सेफ केली. कॉस्ट मोठी असल्याने प्लॅनरने लगेच दोन जादा वर्कर घेतले. साडेतीन सेकंद.

पोरगा आधी ओरॅकलवर होता. त्याचं म्हणणं, तिथे असोसिएट स्टॅटिस्टिक्स करून फंक्शनची कॉस्टही सांगता येते आणि किती टक्के ओळी पास होतील तेही. आपल्याकडे दुसरं का नाही? आहे, पण १२ व्या आवृत्तीपासून आणि प्लॅनरला अंदाज पुरवणारं सपोर्ट फंक्शन लिहून, तेही सी भाषेत. पोस्टग्रेसला नकाशांची जोड देणारे पोस्टजीआयएसवाले तो मार्ग वापरतात आणि त्यांना तो शोभतो. दुधाच्या फॅटसाठी मी सी लिहिणार नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी पावणेसातला करवीर तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन. “अवो साहेब, ते बटन दाबलं की नुसतं गिरकीच घेतंय. हितं किटल्या घेऊन माणसं दारापतूर उभी हायत. काल-परवापर्यंत बरं चाललं हुतं की.”

काका म्हणतात ते खरं होतं. संकलनाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक लाल आकडा दिसतो: या संस्थेच्या दहा दिवसांतल्या न तपासलेल्या संशयी नोंदी. प्रत्येक सभासदानंतर तो ताजा होतो. ती क्वेरी १५ मिलिसेकंदांत व्हायची, आता पाऊण सेकंदाच्या वर. दिसायला पाऊण सेकंद, पण अडीचशे माणसांच्या रांगेत प्रत्येकामागे.

एक्स्प्लेनच्या तळाशी कारण छापलेलं: जेआयटी. गुरुवारी टिपून ठेवलेलीच गोष्ट. संस्थेच्या दहा दिवसांच्या पाच हजार ओळी, प्रत्येकीला १७५, म्हणजे पावणेनऊ लाख कॉस्ट. प्रत्यक्षात ‘न तपासलेली’ ही साधी अट आधी लागून नऊच ओळी उरतात आणि फंक्शन नऊदाच चालतं, पण बेरजेत ते नाही. कॉस्ट एक लाखावर गेली की जेआयटी सुरू होतं, पाच लाखांवर गेली की त्याच्या आणखी वेळखाऊ पायऱ्या, इनलायनिंग आणि ऑप्टिमायझेशनही. क्वेरी १५ मिलिसेकंदांची आणि तिच्यासाठी मशीन कोड तयार करायला ०.७४ सेकंद. नऊ माणसांच्या जेवणाला लग्नातला आचारी बोलावल्यासारखं. त्यातून फायदाही शून्य, कारण जेआयटी फिल्टरची चौकट वेगवान करतं, पीएल-पीजीएसक्यूएलच्या पोटातल्या कामाला हात लावत नाही.

दोन पर्याय होते. कॉस्ट थोडी खोटी, कमी करून सांगायची. दर_काढ १५०० आहे, फरक_मोठा ५००० ठेवलं तरी क्रम सुलटाच राहतो, आणि साडेबारा गुणिले पाच हजार म्हणजे साठ-बासष्ट हजार, लाखाच्या आत. किंवा आकडा खरा ठेवून जेआयटी बंद करायचं. पहिला मोह झाला, कारण पाच मिनिटांचं काम. पण एखाद्या संस्थेचे सभासद दुप्पट झाले की परत फोन, आणि तेव्हा ५००० हा आकडा कुठून आला ते कुणाला आठवणार. आमच्याकडे जेआयटीने आजवर एकही क्वेरी सुधारलेली नाही. डेटाबेसलाच जेआयटी बंद केलं.

सेटिंग नव्या कनेक्शनला लागतं, जुन्यांना नाही. त्यामुळे कनेक्शन पूल परत सुरू करेपर्यंत काकांची गिरकी चालूच होती. सव्वासातला थांबली. त्यांनी सांगितलं, म्हशीवाले थांबतात, गायवाले चिडतात. नोंद घेतली.

सोमवार, १० नोव्हेंबर

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा दुसरा दिवस. महाद्वार रोडवरून यायचा शहाणपणा केला, अर्धा तास गेला.

पोराने विचारलं, हे सगळं करण्यापेक्षा दर_काढ एसक्यूएल भाषेत लिहू, मग प्लॅनर ते उलगडून आत बघेल ना? अर्धं बरोबर. साधं सूत्र असेल तर उलगडतो, आमचं लिटर-किलोचं फंक्शन तसंच आहे आणि त्याला कॉस्ट सांगायची गरजच नाही. पण एकच व्हॅल्यू देणाऱ्या फंक्शनच्या पोटात टेबल वाचलं की उलगडत नाही. दर_काढला दरपत्रक वाचावंच लागतं.

खरा इलाज मला माहीत आहे. दरपत्रक सरळ जॉइनमध्ये घ्यायचं आणि सरासरी विंडो फंक्शनने एकाच फेरीत काढायची. मग प्लॅनरला सगळं उघड दिसेल. पण दर_काढमध्ये फॅट/एसएनएफ गाय ३.५/८.५, म्हैस ६.०/९.० च्या खाली गेलं की होणारी कपात आहे, तीही संस्थेप्रमाणे वेगळी, आणि पाच स्क्रीन त्याच्यावर उभ्या आहेत. बिलाच्या आदल्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. डिसेंबरात बघू.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बिलाचा दिवस. १ ते १० ची तपासणी सकाळी साडेनऊला लावली. चहा आला, संपला, रिपोर्ट चालूच. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

गुरुवारी साडेतीन सेकंद. डेटा एका दिवसाने कमीच. मी आधी इंडेक्सवर संशय घेतला, मग आकडेवारी जुनी झाली म्हणून अॅनालाइझ केलं, मग सर्व्हर देणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. शेवटी पीजी प्रॉक या फंक्शनांच्या यादीच्या टेबलात बघितलं. फरक_मोठा: प्रोकॉस्ट (म्हणजे कॉस्ट) १००, व्होलॅटाइल, पॅरलल अनसेफ. दर_काढ: १५००, जशास तसं.

पोराकडे बघितलं. तो आधीच पांढरा पडला होता. काल संध्याकाळी त्याने फरक_मोठामध्ये माझ्याच सांगण्यावरून एक बदल घातला होता: पाचपेक्षा कमी नोंदी असलेला नवा सभासद संशयी धरू नये. बदल बरोबर, तपासलेला, क्रिएट ऑर रिप्लेसने, म्हणजे जुन्याच्या जागी नवं फंक्शन ठेवणाऱ्या आदेशाने चढवलेला. आणि क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शनचा मालक आणि परवानग्या तेवढ्या राखतं. बाकी जे त्या आदेशात लिहिलेलं नाही ते सगळं मुळावर नेतं. कॉस्टसुद्धा.

त्याची काय चूक? फाइलमध्ये कॉस्ट नव्हतीच. गुरुवारी मी ती टर्मिनलवर बसून ऑल्टरने टाकली आणि चाळीस संस्थांचा आकडा माझ्या डोक्यात आणि या वहीत ठेवला. त्याने वही कशाला वाचावी?

परत ऑल्टर. ३.३ सेकंद. ४१ ओळी निघाल्या, त्यातल्या सात एकाच संस्थेच्या, सगळ्या संध्याकाळच्या, एकाच मशीनवरच्या. तिथल्या चेअरमनना फोन करायचं काम माझ्याकडे. बिलं साडेअकराला गेली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोन्ही फंक्शनांच्या फाइलमध्ये स्टेबल, पॅरलल सेफ आणि कॉस्ट लिहिली. कॉस्टच्या वर टिपणी: कोणत्या तारखेला, किती ओळींवर, एका वेळेला किती मिलिसेकंद. आकडा वाचणाऱ्याला पटला नाही तर त्याने परत मोजावं.

चढवण्याच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एक क्वेरी घातली. पीएल-पीजीएसक्यूएलमधलं ज्या कुठल्या फंक्शनचं प्रोकॉस्ट नेमकं १०० आहे त्याचं नाव छापायचं. अडवायचं नाही, नुसतं छापायचं, कारण एखाद्याचं खरंच शंभर असू शकतं.

पहिल्याच फेरीत चौदा नावं आली. पोराने यादी छापून भिंतीला लावलीय. रिबेटचं फंक्शन सगळ्यात जड असणार, आत तीन टेबलं वाचतं, पण ते पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी चालवणार नाही, म्हणून शेवटी. उद्या पशुखाद्याच्या उधारीची कपात करणारं घेतोय, ते रोज चालतं. मोजणी त्याची, आकडा मी तपासणार.